चिंचेपासून खाली

आमच्या गावाला उतार आहे. पाहुण्याला तो दिसत नाही, पण सायकल शिकणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी कळतो. मारुतीच्या पारावरून सायकल सोडली की पायडल न मारता ती शाळेपुढून, आमच्या घरापुढून, पिठाच्या चक्कीपुढून थेट मोठ्या चिंचेपर्यंत जायची. चिंचेपुढे रस्ता डावीकडे वळून बौद्धपुऱ्यात शिरतो. तिथं ब्रेक लावावाच लागे, कारण पुढे चिखल होता. बारमाही चिखल. हिंगणघाट तालुक्यातला आमचा भाग. मे महिन्यात नाल्यातले दगड उघडे पडतात, विहिरीत बादली आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो. तेव्हाही तो चिखल ओलाच असायचा. मला लहानपणी वाटायचं, तिथं एखादा झरा असणार.

तो झरा आमच्या न्हाणीतून निघत होता, हे कळायला वीसेक वर्षं गेली.

आई भारी स्वच्छ बाई. सकाळचं सडासारवण झालं की ती खराटा घेऊन दारापुढची नाली काढायची. काढायची म्हणजे साचलेला गाळ खराट्यानं पुढे लोटायची आणि वरून दोन बादल्या पाणी ओतायची. तो गाळ काकूच्या दारापुढे जायचा. काकूही स्वच्छच. ती पुढे लोटायची. सातच्या सुमारास आमच्या मोहल्ल्यात ओळीनं खराट्यांची खरखर सुरू व्हायची आणि आठच्या आत सगळा वरचा मोहल्ला लख्ख. ‘पुढं लोटून दे’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की ते मला स्वच्छतेचंच दुसरं नाव वाटायचं. पुढं म्हणजे कुठं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

२०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आमच्याही गावानं भाग घेतला. भिंतींवर गेरूनं सुविचार लिहिले, झाडांच्या बुंध्यांना चुना लावला. तपासणीला पाहुणे येणार म्हणून चिंचेखाली खुर्च्या मांडल्या. आम्हीच मांडल्या. पाहुणे पारापासून चिंचेपर्यंत चालत आले, बसले, चहा झाला, आणि आम्ही त्यांना तिथूनच परत वर नेलं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. ते आमच्या गावी कधी आले होते का, मला माहीत नाही. आले असते तर त्यांनी कुठल्या टोकापासून सुरुवात केली असती, हा विचार मात्र मनातून जात नाही.

आमच्याकडे निंदणाला, वेचणीला एक मावशी यायची. बौद्धपुऱ्यातली. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला होता. सुजलेला म्हणजे आज सुजला, उद्या उतरला असा नव्हे. घोट्याच्या जागी घोटाच उरला नव्हता, कातडी चिंचेच्या सालीसारखी जाड आणि रेघारेघांची झाली होती. त्या पायात बाजारातली चप्पल जात नसे. मोच्याकडून पट्टा वाढवून घेतलेली जुनी मर्दानी चप्पल ती घालायची. दोन-तीन महिन्यांनी तिला अवधान यायचं. जांघेत गाठ, हुडहुडी भरून ताप, पाय लालबुंद. तीन-चार दिवस खाट. त्या दिवसांची मजुरी गेली. चौथ्या दिवशी ती पुन्हा कापसात उभी.

कोणी म्हणे नागाची पूजा चुकली, कोणी म्हणे करणी. ती स्वतः म्हणायची, “नशीब हाय बाई, दुसरं काय.”

मी चौथीत असताना गावात रात्रीचं रक्त घ्यायला माणसं आली होती. जेवणं आटोपून गाव निजायला लागलं की नऊ-साडेनऊला ही मंडळी टॉर्च घेऊन दारोदार. सुईनं बोट टोचायचं, काचेच्या पट्टीवर तीन थेंब, नाव लिहून पेटीत. आम्हा पोरांत अफवा अशी की हे रक्त मुंबईला विकतात. बाबा ओट्यावर बसून कुरकुरले, “यायले दिवसा काम कराले काय होते?” दिवसा करून उपयोग नसतो, हे बाबांना कोणी सांगितलं नाही. हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं दिवसभर शरीरात खोल दडून असतात आणि रात्री दहा ते दोनच्या दरम्यान वरच्या रक्तात येतात. कारण ज्या डासाच्या पोटातून त्यांना पुढच्या माणसाकडे जायचं असतं, तो क्युलेक्स डास रात्री चावतो. शेकडो-हजारो पिढ्या लागल्या असतील त्यांना हे वेळापत्रक जुळवायला. सरकारी माणसांनी आपलं वेळापत्रक त्या जंतांच्या हिशेबानं लावलं होतं, आणि आम्ही त्यांना शिव्या देत होतो.

क्युलेक्सला घाण पाणी लागतं. साचलेली नाली, शौचालयाची उघडी टाकी, न्हाणीचं डबकं. साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एक-दोनदा चावल्यानं माणसाला हत्तीपाय होत नाही, वर्षानुवर्षं चावावं लागतं. मोठा जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, पाच-सात वर्षं जगतो आणि वाहिन्या खराब करत राहतो. पाय सुजतो तेव्हा कित्येकदा रक्तात जंत सापडतही नाही. म्हणजे हा आजार होण्यासाठी माणसाला एकाच जागी, त्याच नालीच्या काठी, बरीच वर्षं राहावं लागतं. मावशी त्या गावात लग्न होऊन आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती, आणि तिचं दार बौद्धपुऱ्यात पहिलं. चिंचेपासून तिसाव्या पावलावर.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा. तेव्हापासून पूर्व विदर्भ त्या नकाशावर आहे.

नकाशावरून आठवलं. मी बीए करून घरी बसले होते तेव्हा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पोरं-पोरी शिबिराला आमच्या गावी राहायला आली. तिथली रीतच आहे, पहिल्या वर्षाची मुलं एक गाव दत्तक घेतात, पंधरा दिवस मुक्काम करतात आणि वाटून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही येत राहतात. एका दुपारी त्यांनी सगळ्या बायकांना शाळेच्या पटांगणात बोलावलं आणि म्हणाले, रांगोळीनं तुमचं गाव काढा.

बायकांना रांगोळी दिल्यावर आणखी काय हवं! पार निघाला, मारुती निघाला, शाळा निघाली. आमच्या काकूनं चक्कीचा पट्टासुद्धा काढला. मग एका मुलीनं वाटीभर चिंचोके पुढे केले आणि सांगितलं, ज्या घरात पाय सुजलेलं किंवा अंडवृद्धीचं माणूस आहे त्या घरावर एक ठेवा. अंडवृद्धी, म्हणजे त्याच जंतांमुळे पुरुषांना येणारी सूज, म्हटल्यावर पदर तोंडात गेले. पुरुष हे आजार सहसा कबूल करत नाहीत. पण नवरे तिथं नव्हते. “हिच्या घरच्यालेबी ठेव न एक, लाजते कायले!” असं करत करत चिंचोके पडायला लागले. वरच्या मोहल्ल्यात तीन पडले. चिंचेखालच्या भागात वाटी रिकामी झाली आणि एक पोरगी आणखी चिंचोके आणायला धावली.

मग त्या मुलीनं विचारलं, “नाली कुठून जाते?” काकूनं निळी रांगोळी घेतली आणि पारापासून रेघ ओढत, प्रत्येक दारापुढून वळवत चिंचेपर्यंत आणली. तिथं हात झटकले. तिच्या लेखी नाली संपली होती. खरं सांगते, माझ्याही लेखी.

मावशी मागं बसली होती. ती पाय ओढत पुढे आली, काकूच्या हातातली रांगोळी घेतली आणि म्हणाली, “अवो बाई, थांबल्या कायले? पानी काय चिंचीत जिरते?” आणि तिनं रेघ पुढे नेली. स्वतःच्या दारापुढून, समाजमंदिराच्या मागून, हापशीला वळसा घालून, पार शेवटच्या घरापर्यंत. चिंचोके आणि निळी रेघ एकमेकांत मिसळले. त्या डॉक्टर पोरांनी काही भाषण केलं नाही. एकानं स्टुलावर चढून फोटो काढला. संध्याकाळी शेळ्या आल्या आणि नकाशा पुसून गेल्या.

जुन्या गावांची मांडणी ठरवून केलेली असते. वारा आणि पाणी दोन्ही आधी गावाला मिळावेत, मग त्यांना. आमच्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून, आणि बौद्धपुरा गावाच्या पूर्वेला, उताराच्या तळाशी. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला ‘सिंक ऑफ लोकॅलिझम’ म्हटलं होतं. मराठीत त्याचं डबकं करतात. बाबासाहेब खेड्याच्या मनाबद्दल बोलत होते हे मला समजतं. पण सिंक म्हणजे जिथं घरातलं खरकटं पाणी जाऊन पडतं ती जागा, आणि शब्द वाचला की मला दरवेळी चिंचेपलीकडचा चिखलच दिसतो.

गंमत म्हणजे डासांमध्येही मोहल्ले आहेत. क्युलेक्स घाणीवर जगतो, पण डेंग्यू-चिकुनगुन्याच्या एडीसला स्वच्छ पाणी लागतं. भरून ठेवलेले ड्रम, सिमेंटच्या टाक्या, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे. नळ चार दिवसांआड येतो म्हणून ज्याच्याकडे जास्त भांडी तो जास्त साठवतो. कूलर कोणाकडे? वरच्या मोहल्ल्यात. २००६ साली विदर्भात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा आमच्या ओळीतलं एक घर सुटलं नाही. आई भिंत धरून न्हाणीत जायची, काका खुर्चीवर बसून पूजा करायचे, अख्खा मोहल्ला म्हाताऱ्यासारखा लंगडत होता. त्या वर्षी गावात फवारणी झाली, धुराची मशीन आली, घरोघर टाक्या रिकाम्या करून घेतल्या, आठवड्यातला कोरडा दिवस ठरला. पंधरा दिवसांत यंत्रणा कशी हलते ते तेव्हा पाहिलं. एडीस फार लांब उडत नाही, दोन-चारशे मीटर फार झाले. म्हणजे तुमच्या टाकीतला डास तुमच्या शेजाऱ्यालाच चावणार. मावशीच्या घरी त्या साथीत कोणाला काही झालं नाही. तिच्याकडे पाण्याचे दोन गुंड आणि एक बकेट, रोज रिकामी होणारी.

ती म्हणाली होती, “तुमच्या डासायनं बी जात पायली बाई.” हसून म्हणाली होती. मला हसता आलं नव्हतं.

घरांचंही तेच. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश असतानाही मधल्या खोलीत दुपारी डोळा लागायचा. मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांची यादी निघते तेव्हा चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा ही नावं त्यात वर असतात, आमच्या लोकांना तर त्याचा जरासा अभिमानच वाटतो. ऊन आम्हाला नवं नाही. पण ऊन सोसायचं ते घराच्या जोरावर. गावातले कवेलू गेले वानरांमुळे. हे शहरातल्या माणसाला सांगितलं की तो हसतो. जंगल तुटलं, वानरं गावात आली, एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारायला लागली. एका टोळीनं एका सकाळी फोडलेले कवेलू फेरायला दोन दिवसांची मजुरी जाते, आणि फेरणारे कारागीरही राहिले नाहीत. मग टिना आल्या. टिनेखाली दुपारी बारानंतर माणूस बसू शकत नाही.

मावशीला पुढे घरकुल मिळालं. पंचवीस चौरस मीटर, एक लाख वीस हजार. त्यात विटेची एकेरी भिंत आणि वर टिना एवढंच होऊ शकतं. घर पक्कं झालं, कागदावर तिची प्रगती झाली, आणि उन्हाळ्याच्या दुपारी ती घराबाहेर पडली. जुन्या कुडाच्या घरात तुराट्यांतून वारा तरी यायचा. मग ती आमच्या ओसरीत येऊन बसायची, पाय खांबाला टेकवून उंच करून. पाय उंच ठेव, रोज साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, असं त्या सेवाग्रामच्या पोरीनं तिला शिकवलं होतं, आणि ती ते इमानानं करायची. अवधान येणं त्यानंतर पुष्कळ कमी झालं. ओसरीतच बसायची. मधल्या खोलीत, जिथं खरा गारवा होता, तिथं तिला कोणी बोलावलं नाही आणि ती स्वतःहून आली नाही. ओसरी आणि मधली खोली यांच्यात तीन-चार अंशांचा फरक सहज असेल. थर्मामीटर कोणी लावला नव्हता.

तेवढ्याच पंचवीस मीटरात खाटेखाली फवारणीचा पंप, कोपऱ्यात औषधाच्या बाटल्या, आणि त्याच खोलीत चूल. आमच्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. चर्चा मास्क आणि हातमोज्यांची झाली. पण फवारून आलेला माणूस ते कपडे कुठं काढतो, कुठं धुतो, बाटली कुठं ठेवतो, याला जागा लागते. वेगळी खोली, वेगळी न्हाणी. जागाच नसेल तर सूचना पाळायची कुठं?

तसं पाहिलं तर विदर्भात नुसतं गाव सांगितलं तरी माणसाचं दुखणं सांगता येतं. आत्याबाई दर्यापूर तालुक्यात दिलेली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिच्याकडे गेलं की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि प्यायल्यावर तहान वाढते. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यात किडनी हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो, आणि गावकरी त्याचं खापर पाण्यावरच फोडतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, त्यापुढे गेलं की वाढत्या वयातल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि ते जन्मभर जात नाहीत. नवरी पाहायला गेलेले लोक दात पाहून गाव ओळखतात, असं माझी चंद्रपूरची जाऊ सांगते. हापशी कुठं खोदली, एवढ्यावरून पोरीचं हसू ठरतं.

राहती जागा बदलली तर माणूस बदलतो का, यावर अमेरिकेनं एक मोठा प्रयोग करून पाहिला. १९९४ पासून बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत, गरीब सरकारी वसाहतींतल्या साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांच्या चिठ्ठ्या काढल्या. काहींना बऱ्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत मिळाली, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं तर मोठ्यांची कमाई फारशी वाढलेली नव्हती. पण ज्या बायकांना बऱ्या वस्तीची चिठ्ठी लागली होती त्यांच्यात अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी निघाला. २०११ मध्ये ते छापून आलं. नुसतं राहतं घर हलवलं, आणि रक्तातली साखर हलली.

हे वाचून मी जरा हुरळले होते. मग मेळघाट आठवला. व्याघ्र प्रकल्पातली काही गावं सातपुड्यावरून उठवून खाली अकोट-तेल्हाऱ्याकडच्या सपाटीवर वसवली होती. रस्ता जवळ, बाजार जवळ, वीज. जानेवारी २०१९ मध्ये त्यातली कितीतरी कोरकू कुटुंबं पोराबाळांसह पुन्हा जंगलात निघून गेली, तिथं वनखात्याच्या माणसांशी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. नव्या जागी आमची माणसं आजारी पडून मरतात, असं ते लोक सांगत होते. तेव्हा नुसतं उचलून दुसरीकडे ठेवलं की माणूस सुधारतो, हेही खरं नाही. कोणी हलवलं आणि विचारून हलवलं का, हा हिशेबही कुठंतरी शरीरात लागत असावा.

माझ्या घरचंच सांगते. आई गेल्यावर बाबांना मी नागपूरला आणलं. आमचा ले-आऊट चांगला आहे. नाली झाकलेली, रस्ते सिमेंटचे, कोपऱ्यावर दवाखाना, दोन मेडिकल. गावी त्यांना साखर होती पण आटोक्यात. सकाळी वावर, मग पार, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा पार, असे चार-पाच किलोमीटर ते न मोजता चालायचे. नागपुरात ते गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. कुठं जायचं, कोणाकडे? सहा महिन्यांत साखर अडीचशेवर. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. एका संध्याकाळी ते गॅलरीत बसून म्हणाले, “इथं कोनी कोनाले इचारत नाई. मेलो तं वास आल्यावर समजंन.”

मी त्यांना परत सोडून आले. गावात आमचं दार सकाळी सातपर्यंत उघडलं नाही तर काकू खराट्यासकट येऊन कडी वाजवते. एकदा ते न्हाणीत पडले तेव्हा वीस मिनिटांत पोट्ट्यांनी त्यांना गाडीत घालून हिंगणघाटला पोचवलं होतं. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. साखर पुन्हा दीडशेवर आली.

पण तेही चिंचेपर्यंतच. मावशीला एका रात्री पायात जहर झालं, ताप चढून ती बरळायला लागली, तेव्हा वरच्या मोहल्ल्यातल्या दोन दारांवर थाप पडली. एकाची गाडी नादुरुस्त होती, दुसऱ्याला झोप लागली होती. दुसरं दार आमचंच होतं. भावानं मला हे स्वतः सांगितलं, दोन वर्षांनी, मान खाली घालून. त्या रात्री तिच्या पोरांनी १०८ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स चिंचेपर्यंत आली. पुढे चिखल. तिथपर्यंत तिला खाटेवर आणलं.

ती वाचली. तिची नात आता आशा सेविका आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत ती गोळ्या घेऊन वरच्या मोहल्ल्यात येते, डीईसी आणि अल्बेंडाझोल, आणि समोर गिळायला लावते. बायका म्हणतात, “आमच्यात नाई होत ते, ठेवून दे, रात्री घेतो.” ती म्हणते, “काकू, डासाले मोहल्ला माहीत नाई. घ्या.” स्वतःची पाण्याची बाटली तिच्या पिशवीत असते. कोणी पाणी विचारण्याची वेळच ती येऊ देत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक नवीन गोष्ट घडली. आमच्या रस्त्यावर आजवर तीनदा सिमेंट पडलं, दरवेळी जुन्याच्या वरच, जुनं न खोदता. रस्ता चढत गेला आणि आमचं घर जागीच राहिलं. आता रस्ता आमच्या ओट्यापेक्षा हातभर उंच. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात नालीचं पाणी उलटं आमच्या अंगणात शिरलं आणि आठ दिवस साचून राहिलं. वहिनी फोनवर रडली. घरभर डास, वास, न्हाणीत पाऊल ठेवायची सोय नाही. भाऊ सरपंचाकडे गेला, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून तातडीनं काम मंजूर झालं. बौद्धपुऱ्याची नाली मी शाळेत होते तेव्हापासून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आहे. आमची दिवाळीच्या आत झाली.

भावानं फोटो पाठवला. सुंदर काम. दोन्ही बाजूंनी सिमेंट, वर लोखंडी जाळी, पाणी कसं झरझर खाली जातंय. मी बोटांनी फोटो मोठा केला. आमचं दार दिसलं, काकूचं दार, चक्की, आणि अगदी कडेला चिंचेचा बुंधा, चुना लावलेला. तिथं फोटो संपतो.

मी लिहिलं, “मस्त झाली. पण चिंचेच्या पुढं कुठं काढली?”

त्याचं उत्तर लगेच आलं. “पुढं काय काढायची? पुढं उतारच हाय न.”